अर्धं सूत जास्त

कंपनीत माझं काम एवढंच होतं, की दुसऱ्यानं बनवलेली वस्तू हातात घ्यायची, मोजायची आणि सांगायचं, ओके की रिजेक्ट. वाळूजच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. गाड्यांना लागणाऱ्या रिंगा, बुश, पिना माझ्या टेबलावरून पुढं जायच्या. रिटायर झालो तेव्हा सोबत्यांनी मला एक कोरा व्हर्नियर भेट दिला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप दाखवणारा. इतरांना शाल देतात, घड्याळ देतात. मला त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ही सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. ताटात भाकरी आली, की ती गोल आहे का हे माझी नजर आधी बघायची आणि मग हात पुढं व्हायचा. बायकोच्या ते लक्षात यायचं. ती म्हणायची, खायची आहे ती, गाडीला बसवायची नाही.

बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत तिची एम्ब्रॉयडरीची मशीन आणि खिडकीशी कॉम्प्युटर. आधी ती ब्लाउज शिवायची. पुढं चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या वयाच्या पोरींमध्ये बसून, शहरातल्या एका क्लासमध्ये पंचिंग शिकली. पंचिंग म्हणजे चित्राचे टाके करणं. कॉम्प्युटरवरच्या चित्राला नुसती रेघ असते आणि रंग असतो. दोऱ्याला मात्र सगळं सांगावं लागतं, कुठून निघायचं, आडवं पडायचं की तिरपं, आधी काय भरायचं, कुठं तुटायचं. शाळांच्या शर्टांवरचे मोनो, कंपन्यांच्या टी-शर्टवरची चिन्हं, हॉटेलातल्या पोरांच्या टोप्या, असं काम तिच्याकडं यायचं. मी रिटायर झाल्यावर वाटणी झाली. ती चित्राचे टाके करायची आणि मी कापड फ्रेममध्ये ताणून मशीन चालवायचो.

पहिला नग गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा तिचा नियम होता. तो मशीनवरून उतरला, की ती आधी उलटा करून मागची बाजू बघायची, मग खिडकीच्या उजेडात धरायची आणि बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मी तोवर व्हर्नियर घेऊन उभाच असायचो. मोजून झालं की म्हणायचो, चालतंय. माझ्या तोंडून याच्या वर कधी काही निघालं नाही. तिनं त्याची वाट बघितली असेल का, हे मी तेव्हा मनातही आणलं नाही.

एकदा मी असाच एका मोनोचा गोल मोजत होतो, तेव्हा ती म्हणाली, "लई मोजू नका. कापड वढतं हो. त्याला आधीच अर्धं सूत जास्त द्यावं लागतं."

तिला मिलिमीटर कधी आवडले नाहीत. तिचे वडील कन्नडजवळच्या एका गावात गवंडीकाम करायचे, त्यांचं सूत तिच्या तोंडात बसलं होतं. अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर. मला ते हिशोबाचं बोलणं वाटलंच नाही. मुलीच्या सासरबद्दल, शेजारणीबद्दल, माझ्याबद्दलसुद्धा ती असंच बोलायची, की थोडं जास्तीचं द्यावं लागतं. मी हो म्हणालो आणि फ्रेम लावायला घेतली.

गेल्या थंडीत ती गेली. त्याआधीचं वर्ष गोळ्या आणि इंजेक्शनांत गेलं. पाठीला उशी लावून ती कॉम्प्युटरपुढं बसायची, हात कापायचा, पण बसायची. जाण्याच्या आधीच्या महिन्यात मात्र खुर्ची रिकामी राहिली.

नंतर घर इतकं शांत झालं, की तिन्ही शिफ्टच्या बसचे हॉर्न मला ओळखू यायला लागले. कोणत्या कंपनीची बस किती मिनिटं उशिरा आली, हे मी बसल्या जागी सांगू शकत होतो आणि सांगायला कुणी नव्हतं. दूधवाल्याला एकच पिशवी टाक असं सांगायचं माझ्याच्यानं होईना. दोन पिशव्या यायच्या, एक नासायची. मुलगी पुण्याहून रोज फोन करायची, जेवलात का विचारायची आणि मी हो म्हणायचो. बरेचदा ते खरंही असायचं. दुपारी कधीकधी मी मशीन सुरू करायचो, सुईत दोरा न ओवता, फ्रेममध्ये कापड न लावता. दहा-पंधरा मिनिटं तिचा आवाज घरात भरून राहायचा. मग बंद करायचो.

असाच महिनाभर गेल्यावर मी तिचा कॉम्प्युटर उघडला. काहीतरी काम हवं होतं हातांना. एका शाळेचा मोनो उघडला, गोलात पुस्तक आणि दिवा, आणि माझ्या डोळ्यांना लगेच खटकलं. गोल गोल नव्हता. आडवा साडेबहात्तर मिलिमीटर आणि उभा एकाहत्तर. दुसरी फाईल उघडली. तीही आडवी फुगलेली. दिवसभरात मी वीसेक फायली बघितल्या आणि प्रत्येक गोलाचं अंडं झालेलं होतं. पुस्तकाच्या कडासुद्धा बाहेरच्या रेघेखाली नको तितक्या घुसलेल्या होत्या.

मला वाटलं, हे आजारानं झालं. औषधांनी तिची नजर हलली होती, हात हलला होता आणि ते मला दिसलं नव्हतं. मग जुन्या फायलींतही तोच दोष निघाला, आजार सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या. तिथं मी थांबायला हवं होतं. पण एकदा दोष सापडायला लागला, की इन्स्पेक्टर थांबत नाही. मी मनाशी असं ठरवून टाकलं, की तिला पहिल्यापासूनच गोल जमत नव्हता आणि मशीन ते सांभाळून घेत होती. मशीन, म्हणजे ती चालवणारा मी. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण तेव्हा मला तसंच वाटलं आणि तिच्यावर माया आली.

तिच्या माघारी कुणी तिच्या कामाला नावं ठेवू नयेत, म्हणून मी सगळं दुरुस्त करायला घेतलं. तिच्या क्लासच्या वहीत बघून बघून सॉफ्टवेअर शिकलो. रोज सकाळी अंघोळ करून, कामावर जावं तसा तिच्या खुर्चीत बसायचो. एकाहत्तर बाय एकाहत्तर. चाळीस बाय चाळीस. कडा काटेकोर रेघेला रेघ. आणि जुनी प्रत मी ठेवली नाही. कारखान्यात हा पक्का नियम असतो. ड्रॉइंग सुधारलं की जुनं फाडून टाकायचं, नाहीतर कुणीतरी चुकून त्यावरच माल काढतो. तिच्या पेन ड्राइव्हमधलं काढलं, मशीनच्या मेमरीतलंही काढलं. तीन आठवडे मी त्या कामात होतो आणि खरं सांगायचं तर ती गेल्यापासूनचे माझे तेवढेच दिवस बरे गेले. दुधाच्या दोन्ही पिशव्या संपायच्या, कारण चहा फार व्हायचा.

उन्हाळा लागला तेव्हा आमच्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, मला भाऊ म्हणणाऱ्या. रिक्षातून त्यांनी निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांचे दोन गठ्ठे उतरवले. वैशाख पौर्णिमेला मंडळातल्या सगळ्या बायका सारख्या साड्या नेसणार होत्या आणि प्रत्येकीच्या पदराच्या कोपऱ्यावर गोलात पिंपळपान हवं होतं. बायकोही मंडळात होती. काम तिनंच अंगावर घेतलं होतं आणि चित्रही दोघींनी मिळून पसंत केलेलं होतं. बाई संकोचून म्हणाल्या, की जमणार नसेल तर साड्या दुसरीकडं देतो, पण ताईनं शब्द दिला होता म्हणून आधी इथं आणल्या.

मी म्हणालो, ठेवा. तिनं दिलेला शब्द दुसऱ्याच्या मशीनवर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तिचं अपुरं राहिलेलं असं तेवढंच काम होतं.

चित्र कॉम्प्युटरवर सापडलं. लहान पोरानं काढावं इतकं सोपं. एक गोल कडं, त्यात एक पान, पानाला मधली शीर, दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक शिरा आणि लांब निमुळतं टोक. पान भरीव हिरवं, त्यामागं फिकट हिरवा गोल आणि बाहेरचं कडं निळं. तिनं त्याला अजून हात लावला नव्हता. टाके करायचे ते मलाच करायचे होते.

दोन दिवस लागले. पिंपळपान दिसायला सोपं आहे, पण त्याचं टोक शेवटी केसाएवढं बारीक होतं आणि तिथं सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी पडून दोरा तोडते. टोक थोडं जाड ठेवावं लागलं. शिरा भरून चालेना, त्या एका धावत्या टाक्यानं जाऊन-येऊन काढल्या. आधी गोलाची हलकी फिकट भरणी, मग पान, मग शिरा आणि शेवटी कडं. कुठंही उगाच दोरा तुटू नये म्हणून पानाच्या देठातून निघून देठातच परत यायचं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. माप बघितलं, साठ बाय साठ, तसूभर इकडंतिकडं नाही.

तिनं ट्रायलसाठी ठेवलेल्या जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा फ्रेमला लावला, खाली कागद लावला आणि मशीन सुरू केली. वीस मिनिटांनी नग उतरला. गोल नव्हता. उभं अंडं होतं. भरणी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली होती आणि तिच्यात आणि निळ्या कड्यात पांढरी फट दिसत होती. व्हर्नियर लावला, आडवं साडेअठ्ठावन.

मी मशीनला दोष दिला. दोऱ्याचा ताण कमी केला, सुई बदलली, बॉबिन साफ केली, कागद दुहेरी लावला. अंडं ते अंडंच. दोन दिवस असे गेले आणि साड्यांचे गठ्ठे कॉटवर तसेच. तिसऱ्या दिवशी मला कारखान्यातली रीत आठवली. मोजण्याच्या साधनावर शंका आली, की खात्रीचा जुना नग लावून बघायचा. म्हणून मी तो पुस्तक-दिव्याचा शाळेचा मोनो लावला. तिनं तो शेकड्यांनी काढला होता आणि त्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नव्हती.

त्याचंही अंडं झालं.

मी डबा काढला. पत्र्याच्या त्या डब्यात तिचे सगळे पहिले नग एकावर एक रचलेले होते. तोच मोनो शोधला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. तिचा गोल होता. व्हर्नियर लावला, एकाहत्तर आडवा आणि एकाहत्तर उभा. मशीन तीच, दोरा तोच, कागद तोच, चालवणारा मीच. दोन्हींच्या मध्ये बदललेली गोष्ट एकच होती, माझी दुरुस्ती.

तेव्हा मला तिचं ते अर्ध्या सुताचं वाक्य ऐकू आलं. टाके आडवे पडतात, दोरा ताणला जातो आणि कापडाला दोन्ही बाजूंनी आत खेचतो. म्हणून ती पडद्यावर गोल आडवा फुगवून ठेवायची, की कापडानं ओढून घेतल्यावर तो बरोबर गोल उरावा. कडा रेघेखाली सरकवायची, की फट पडू नये. कॅपसाठी वेगळं, टी-शर्टसाठी वेगळं, साडीसाठी वेगळं. किती द्यायचं ते कुठं लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्या फायलींमध्ये होतं. आणि त्या मी एकेक करून, रोज सकाळी अंघोळ करून, पुसल्या होत्या.

मी खुर्चीत बसून रडलो. ती गेली त्या दिवशी माणसं होती, चहापाणी होतं, तेव्हा इतकं रडू आलं नव्हतं. माणूस जातं ते आपल्या हातात नसतं. हे मात्र माझ्या हातानं गेलं होतं. तिचा हात जिथं अजून चालता होता अशी ती एकच जागा होती आणि मी ती चूक समजून साफ केली होती. संध्याकाळी मुलीचा फोन आला. जेवलात का, तिनं विचारलं. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार, की तुझ्या आईचे गोल मी सरळ केले?

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा शिकायला बसलो, या वेळी डब्याकडून. तिचा एकेक नग घेऊन उलटा करायचा आणि मागच्या बाजूनं वाचायचा. पुढून सगळं एकसारखं दिसतं. मागून कळतं, की भरणीच्या आधी तिनं खाली विरळ टाक्यांची एक जाळी घातली आहे आणि तीही उलट दिशेनं, म्हणजे कापड आधीच धरलं जावं. मी कुठंच ती घातली नव्हती. पानाला जाळी घातली. गोल आडवा एका मिलिमीटरनं वाढवला, नग काढला, मोजला. दीड केला, पुन्हा काढला. चादरीचे सात तुकडे संपले. साडीचं कापड चादरीहून पातळ, म्हणून एका साडीच्या आतल्या, कमरेला खोचायच्या टोकाला एक चाचणी घेतली आणि तिथं आणखी थोडं द्यावं लागलं. शेवटी पडद्यावर माझं पिंपळपान बेढब आणि जाडजूड दिसत होतं. कंपनीत मी ते ड्रॉइंग टेबलावर ठेवूनही घेतलं नसतं.

पदराच्या कापडावर ते गोल आलं.

अध्यक्षबाईंना बोलावून नग दाखवला. त्यांनी पदर हातात घेतला आणि, मला अपेक्षा नव्हती, आधी उलटा केला. बायकोकडूनच ती सवय लागली असणार. बराच वेळ त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "हे ताईनं आधीच करून ठेवलं व्हतं का, भाऊ?"

तीस वर्षांत मी एकाही खोट्या रिपोर्टवर सही केली नाही. वरिष्ठांचा दबाव आला तरी केली नाही, त्यावरून दोनदा बढती गेली. मी म्हणालो, "व्हय. तिनंच."

त्यांनी पदराची नीट घडी घातली. डोळे पुसून निघून गेल्या.

पुढचे दिवस मी साड्याच काढल्या. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, कूलर खडखडत असायचा आणि आत एकामागून एक पानं उतरायची. बाईंनी गठ्ठ्यासोबत मंडळातल्या नावांची यादी दिली होती. साडी झाली की मी घडी घालून त्या नावाची चिठ्ठी टाचणीनं लावायचो. कुणाला पदर उजवीकडं लागतो वगैरे बारीकसारीक बाई लिहून गेल्या होत्या. यादी संपली तेव्हा कॉटवर एक साडी उरली.

मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. माझ्याकडून मोजण्यात चूक. म्हणून बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ती ताईची. ताईनं सगळ्यांत आधी स्वतःची साडी आणून दिली होती. यादी नव्यानं लिहिताना नाव घातलं नाही, पण साडी गठ्ठ्यातून काढावी असं कुणालाच वाटलं नाही.

ती साडी मी दोन दिवस तशीच ठेवली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी बाकीचे गठ्ठे विहारात पोचते केले, घरी आलो आणि तिची साडी फ्रेमला लावली. या साडीसाठी घाई नव्हती, ती कुणी नेसणार नव्हतं. मशीन चालली, दोरा एकदाही तुटला नाही. उतरवल्यावर मी आधी मागची बाजू बघितली. मग खिडकीच्या उजेडात धरली. मग व्हर्नियर घेतला. साठ आडवा, साठ उभा.

मग मी डबा उघडला आणि तिचे सगळे नग एकेक करून मोजले. शाळांचे, टोप्यांचे, शहरातल्या त्या क्लासमध्ये काढलेला पहिला, सगळ्यात जुना नगसुद्धा. दुपार गेली. चहा करायचा राहिला. एकही गोल वाकडा निघाला नाही. इतक्या वर्षांत तिचा एकही नग रिजेक्ट नव्हता आणि माझ्या हातात माप असून मी तिला चालतंय म्हणत आलो.

शेवटचा नग डब्यात ठेवला आणि तिच्या खुर्चीकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "ओके आहे. सगळे ओके आहेत."

हा शब्द मी तीस वर्षं लोखंडाला म्हणत होतो. घरात तो पहिल्यांदाच बोललो.